वलंदेजांचं तळं

दत्तोपंतांकडे कुणी गेलं की आधी पाणी, मग चहा आणि मग नकाशे, हा क्रम ठरलेला होता. चहा झाला की घड्याळाकडे बघून काढता पाय घेणारे पुष्कळ. खडकेश्वराच्या मागच्या गल्लीत पंतांचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक लांबरुंद शिसवी टेबल, आणि टेबलाखाली पत्र्याच्या पेटीत अकरा नकाशे. निजामाच्या अमदानीत पंत कचेरीत उर्दू कागदांचे मराठी तर्जुमे करायचे. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या वर्षी कितीतरी हवेल्या रिकाम्या झाल्या. माणसं हैदराबादला गेली, कराचीला गेली, आणि त्यांचं सामान शहागंजच्या रस्त्यावर आलं. तिथं एका रद्दीवाल्याच्या ढिगातून पंतांनी हे कागद ओढून काढले. त्याला आता तीस वर्षं झाली होती, तरी पंत ती हकिकत काल घडल्यासारखी सांगायचे.

बद्रीनाथ मात्र चहा पिऊन पळणाऱ्यांतला नव्हता. तो सरकारी कचेरीत ट्रेसर होता. मूळ नकाशावर ट्रेसिंगचं दुधी कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघन् रेघ वर उतरवायची, हे काम त्यानं सत्तावीस वर्षं केलं होतं. पंतांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि नकाशांचे घडीवर तुकडे पडायला लागले होते. दोन्ही पुरते जायच्या आत नकला व्हाव्यात, म्हणून पंतांनी ओळख काढून त्याला बोलावलं होतं. दर रविवारी दुपारी दोनला तो सायकलवरून यायचा. घरात बसलं की जीव खायला उठतो, त्यापेक्षा हे बरं, असं तो बायकोला म्हणायचा. तिनं कधी कारण विचारलं नाही. सख्खी बहीण गेलेल्या माणसाला कारण काय विचारायचं?

श्रावणातल्या पहिल्या रविवारी पंतांनी हिंदुस्थानचा नकाशा काढला.

"हा वलंदेजांचा," पंत म्हणाले. "म्हणजे डच. आपल्या जुन्या कागदांत त्यांना वलंदेज म्हणतात. तीनशे वर्षं झाली असतील याला. शाई बघा, अजून काळी कुळकुळीत आहे."

बद्रीनाथनं भिंग धरलं. असली रेघ त्यानं जन्मात पाहिली नव्हती. समुद्रावर बारीक बारीक लाटा, त्यांत फुगलेल्या शिडांची गलबतं आणि एक मासा, त्याच्या नाकपुड्यांतून दोन कारंजी उडत होती. चारी कोपऱ्यांत गाल फुगवून वारा सोडणारी गुबगुबीत पोरं. सरहद्दीवरून कुणीतरी हातानं हिरवा रंग फिरवला होता आणि जिथं जिथं हिरवा होता तिथं तिथं कागद तपकिरी होऊन चिरला होता. रंगानंच कागद खाल्ला होता.

"किनारा बघा," पंत म्हणाले. "एकेक खाडी जागच्या जागी. कारण तिथं यांची गलबतं यायची. आता जरा आत या. आत यांच्यातला कितीसा माणूस आला? मग आतलं काढलं कशावर? ऐकीव गोष्टींवर! बंदरावर कुणी व्यापारी भेटला, त्यानं सांगितलं, हे घरी जाऊन कोरून बसले. आणि जागा कोरी सोडायची तर गिऱ्हाईक नाराज होणार. मग बसवा तिथं एक हत्ती. दोन ताडाची झाडं. नाहीतर एखादं तळं."

डोंगर वारुळांसारखे ओळीनं मांडले होते. प्रत्येक गावाला एक इवलंसं गोल आणि त्यावर टोकदार कळसाचं घर. दौलताबादला कळस, बुऱ्हाणपूरला कळस, पैठणला कळस.

"देवळं आहेत होय ही?"

"कसली देवळं! चर्चं आहेत. बिचाऱ्यांनी गाव म्हटलं की चर्चच पाहिलेलं. पैठणात चर्च, नाथांच्या शेजारी!" पंत स्वतःच हसले. "आणि कोरायचं कसं, ठाऊक आहे? तांब्याच्या पत्र्यावर, उलटं. कागदावर सुलटं उमटायला हवं तर पत्र्यावर सगळं उलटं पाहिजे. पूर्व डावीकडे, पश्चिम उजवीकडे. गावंच्या गावं या हाताची त्या हाताला. एक क्षण विसरला, की संपलं."

बद्रीनाथच्या हातातलं भिंग थबकलं.

"विसरत असतील का कधी?" त्यानं विचारलं.

"विसरत असणारच की. माणसंच ती."

भिंग पुढं सरकलं आणि पैठणच्या वर, गोदावरीवर येऊन पुन्हा थांबलं. तिथं एक मोठं तळं कोरलेलं होतं. आडव्या, नागमोडी रेघांनी भरलेलं.

"हां, ती थाप," पंत म्हणाले. "तिथं त्या काळी तळं कुठलं? कुणीतरी यांना शेंडी लावली. आणि आता बघा गंमत, धरण झालं आणि तीनशे वर्षांनी थाप खरी झाली."

बद्रीनाथ हसला नाही. त्या तळ्याचा दक्षिणेकडचा काठ तीन ठिकाणी आत घुसला होता आणि तिसरा फाटा कोपरात मोडलेल्या हातासारखा वळला होता. ती वळणं त्याच्या डोळ्यांनी ओळखण्याआधी बोटांनी ओळखली. सहासष्ट साली धरणाची बुडीत रेषा त्यानं स्वतः ट्रेस केली होती. हीच रेषा.

तिसऱ्या फाट्यात दक्षिणेकडून केसासारखा एक ओढा उतरत होता. ओढ्याच्या मावळतीच्या अंगाला एक ठिपक्याएवढं गोल आणि त्यावर कळस. नाव नव्हतं.

योगायोग, असं त्यानं स्वतःला बजावलं. नदी अडली की पाणी साचणार ते सखल जागेतच, आणि सखल जागा तीनशे वर्षांत हलत नाही. आपलं म्हणणं त्याला पटलं. पण त्या दिवशी त्यानं समुद्र आणि गलबतंच तेवढी उतरवली.

आवडाबाई त्याची धाकटी बहीण. घरात तिला सगळे आवडी म्हणायचे. तो आठ वर्षांचा असताना, ती पाचाची असताना, त्याच्या हातून वाटणाचा पाटा तिच्या डाव्या पायावर पडला. करंगळी मोडली आणि शेजारच्या बोटावर चढून तशीच जुळली. आईनं विचारलं तेव्हा आवडी हुंदके देत म्हणाली, माझ्याच हातून पडला. पुढं जन्मभर ती वाकडं बोट मिरवत हिंडली आणि भावाचं नाव तिनं कधी घेतलं नाही. लग्न होऊन ती गाडेवस्तीवर गेली. गावापासून दूर, ओढ्याच्या उगवतीच्या अंगाला, तीन घरांची वस्ती. इतकी लहान, की नकाशावर तिला नावही नव्हतं.

सहासष्टच्या मे महिन्यात बुडणाऱ्या गावांचे तुकडे जोडून एक मोठा नकाशा करायचं काम कचेरीत निघालं. बद्रीनाथ रोज दहा-दहा तास टेबलावर ओणवा असायचा. छपराचा पत्रा तापलेला, कापडावर घाम पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलेलं. त्यात एक वीतभर तुकडा त्यानं उलट्या बाजूनं टाचला. मधोमध सरळ ओढा, एका अंगाला निनावी वस्ती. तुकड्यावर एक जरी अक्षर असतं तरी ते उलटं दिसून चूक उमगली असती. अक्षर नव्हतं. ओढा जिथल्या तिथं राहिला आणि वस्ती उगवतीची मावळतीला गेली, उंच मुरमाड अंगाला, पाणी पोचणार नाही अशा जागी. बुडणाऱ्या घरांना नोटिसा गेल्या. गाडेवस्तीला गेली नाही.

हे त्याला पंच्याहत्तर साली कळलं, पाणी चढल्यावर. त्यानं जुनं दप्तर उघडलं, मूळ तुकडा शोधला, कापडाशी ताडून पाहिला आणि तो तुकडा घडी करून सदऱ्याखाली घालून घरी नेला. ट्रंकेच्या तळाशी ठेवला. चार वर्षं झाली, तो ही गोष्ट कुणाजवळ बोलला नव्हता. आवडी सापडलीच नाही.

दुसऱ्या रविवारी त्यानं तळं उतरवलं. कापड टाचलं, त्यावर खडूची भुकटी भुरभुरली, फडक्यानं हलकेच फिरवली. मेणचट कापडावर भुकटीशिवाय शाई धरत नाही. मग भिंग लावून एकेक नागमोडी रेघ. उत्तरेच्या काठाशी त्याला एक होडी दिसली. मागच्या खेपेला दिसली नव्हती, पण एवढ्याशा खुणेचं काय, सुटली असेल नजरेतून. त्यानं ती उतरवली. उतरवताना मनात आलं, या लोकांची बाकीची गलबतं शिडाची, पुढची नाळ उंचावलेली, मग हीच एकटी गोल कशी?

तिसऱ्या रविवारी तो आला, कापड नकाशावर ठेवलं, कोपरे जुळवले. डोंगर डोंगरावर बसले, कळस कळसावर बसला. होडी बसेना. कापडावर ती उत्तरेच्या काठाशी होती. नकाशावर तळ्याच्या मध्यात होती.

पावसाळी हवेत ट्रेसिंगचं कापड ताणतं, आकसतं, हे कुठलाही ट्रेसर सांगेल. पण आकसलं तर सगळं आकसतं. एकटी होडी आकसत नाही.

"पंत, या तळ्यात होडी आहे, ती तुम्ही पूर्वी पाहिलीय?"

पंतांनी चष्मा वर केला, कागदाला नाक लावलं. "मला आता पाणीसुद्धा दिसत नाही हो. पण डोळे होते तेव्हा सगळं पाठ होतं माझं. तळ्यात होडी नव्हती."

याचा अर्थ सरळ होता. चूक त्याच्या हाताची. एकदा ज्यानं वस्ती इकडची तिकडं केली, त्याला होडी काय जड? पण या वेळी त्यानं मुद्दाम काटकोन्या लावल्या, काठापासूनची अंतरं मोजून दोनदा तपासली, मग शाई लावली.

चौथ्या रविवारी होडी ओढ्याच्या तोंडाशी होती. पाचव्या रविवारी मावळतीच्या काठाला लागलेली होती, त्या निनावी कळसाच्या खाली. सहाव्या रविवारी कळसाच्या पलीकडच्या बाजूला. कापडावर सगळ्या रविवारच्या होड्या एकीमागं एक उतरलेल्या होत्या आणि शेवटच्या तीन मिळून त्या कळसाभोवती फेरा धरल्यासारख्या दिसत होत्या. होडीत एक उभी रेघ होती. मासोळीच्या काट्याएवढी. भिंगातून बघितलं की ती रेघ कळसाकडे किंचित झुकलेली वाटायची, दारात उभं राहून आत डोकावणाऱ्या माणसासारखी.

कागदाला त्या जागी ओल लागत होती. पंतांच्या घराचं छप्पर कुठं गळत नव्हतं.

होडी गोल का, हे त्याला सायकलवर, पैठण गेटाच्या चढावर कळलं. ती होडी नव्हतीच. गूळ करायची काहील होती. पाणी चढलं त्या दिवशी गाडेवस्तीवर होडी कुठून असणार? गुऱ्हाळाची काहील तेवढी होती. त्यानं सायकल कडेला लावली आणि पिंपळाच्या पारावर बसून राहिला. लोक बघत होते. त्याला भान नव्हतं. आवडी घर शोधत होती. जिथं भावानं घर काढून ठेवलं होतं, तिथं.

भाद्रपदात, पितृपंधरवडा लागल्यावर, दरवर्षीप्रमाणे पुंजाराम बद्रीनाथच्या घरी आला. आवडीचा नवरा. जमीन पाण्यात गेल्यापासून तो लासूर स्टेशनला आडतीत पोती वाहायचा. पायरीवरच बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दाजी, आत या की."

"बसतो हितंच. गार वाटतं." पुंजारामनं धोतराच्या सोग्यानं मान पुसली. मग म्हणाला, "औंदा बी आहेव नवमीला जावं म्हंतो. पर बद्रीभाऊ, तीन वर्सं झाली, पिठावर काय बी उमटंना."

त्यांच्याकडे माणूस जिथं जातं त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपलं झाकतात. टोपलं उचललं की पिठावर काहीतरी उमटलेलं दिसतं. पाखराचं पाऊल, वासराचा खूर, काहीही. त्यावरून घरच्यांना कळतं, गेलेलं माणूस सुटलं, कुठंतरी मार्गी लागलं. आवडीची जागा पाण्याखाली. म्हणून पुंजाराम दरवर्षी भोयाच्या होडीतून टोपलं घेऊन जायचा, पाण्यावर द्रोणात दिवा सोडायचा, घटकाभर थांबायचा आणि कोरं पीठ घेऊन परत यायचा.

"जागा तर बराबर हाय ना ती?" पुंजारामनं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. कचेरीतली नक्कल. पहिल्या वर्षी बद्रीनाथनंच काढून दिली होती. "मला आपलं वाटतं, घर वढ्याच्या उगवतीला व्हतं. सकाळचं ऊन आदी आपल्या चुलीवर यायचं. पर कागदावर तर मावळतीला हाय. मंग म्याच इसरलो असंल. डोस्कं ठिकाणावर नाय ऱ्हायलं बगा."

त्या माणसानं बद्रीनाथवर नाही, स्वतःवर अविश्वास ठेवला होता. बद्रीनाथला वाटलं, याच्या पायावर डोकं ठेवावं. पण त्यानं तो कागद घडी करून पुन्हा पिशवीत घातला.

"दाजी," तो म्हणाला, "एक जुना नकाशा सापडलाय. लई जुना. वलंदेजांचा. त्यावर बगून जागा पुन्यांदा ताडतो. नवमीला म्या बी येतो तुमच्यासंगं."

पुंजारामचा चेहरा उजळला. "कुठल्या कुठं राहनारी मानसं, आन् त्यांला ठाव?"

हे खोटं बोलायलाही बद्रीनाथला वलंदेज लागले.

त्याच दुपारी त्यानं ट्रंक रिकामी केली. तळाशी घडी तशीच होती. घडीवर घडी बसून कागद पिवळा पडला होता. ओढ्याच्या उगवतीला तीन चौकटी, मधली आवडीची. त्यानं कोरं कापड घेतलं, भुकटी लावली आणि तेरा वर्षांनी तो वीतभर तुकडा सुलट्या बाजूनं उतरवला. पाच मिनिटांचं काम होतं. झाल्यावर तो बराच वेळ त्याकडे बघत बसला.

नवमीला ऊन स्वच्छ पडलं होतं. भोई मागं वल्हं मारत होता. पुंजारामच्या मांडीवर टोपलं, पायाशी परडीत नैवेद्य, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. बुडालेल्या गावाच्या जागी पाण्यावर एका देवळाचा कळस तेवढा उरला होता. बद्रीनाथला वलंदेजांची गावं आठवली. एक गोल आणि वर कळस. त्यांनी चर्च नव्हे, हेच काढलं होतं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते झटकून टाकलं.

कळस आणि पलीकडच्या डोंगराची खिंड एका रेघेत आली तेव्हा त्यानं भोयाला उगवतीकडे वळायला सांगितलं.

"हिकडं?" पुंजाराम म्हणाला. "हिकडंच मला वाटायचं."

होडी संथ चालली होती. पुंजाराम पाण्याकडे बघत बोलू लागला, कुणाला उद्देशून नाही असं.

"समदं गाव उठलं तवा म्या तिला म्हनलं, चल, आपुन बी निघू. पानी काय कागद बगून येतंय व्हय? तर म्हनली कशी, माझ्या भावानं काढलाय नकाशा. आपली वस्ती पान्यात नाय. माझा भाऊ चुकीचं काढील का? म्या जनावरं घिऊन वरच्या अंगाला गेलो, तवर वढा भरला. लांबून बगितलं म्या. काहिलीत बसली व्हती. हात बी केला मला."

"दाजी."

"आं?"

"तो नकाशा म्या काढला."

"त्ये म्हाईत हाय की."

"उलटा काढला."

पुंजाराम वळला.

बद्रीनाथनं सगळं सांगितलं. मे महिना, घाम, अक्षर नसलेला तुकडा, ट्रंक. वलंदेजांचं नाव पुढं केलं ते खोटं. तीन वर्षं चुकीच्या जागी दिवा ठेवायला लावला ते खरं. सांगताना त्याला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही. कचेरीत खुलासा द्यावा तसं तो बोलत राहिला, आणि संपल्यावर तोंड कोरडं पडलं.

वल्ह्याचा आवाज थांबला होता.

पुंजारामनं हात पाण्यात सोडला. बराच वेळ तसाच ठेवला.

"मंग ती लई हिंडली असंल," तो म्हणाला.

होड्यांबद्दल बद्रीनाथनं अवाक्षर काढलं नव्हतं.

"दिवा तुमी ठिवा," पुंजाराम म्हणाला आणि द्रोण त्याच्या हातात दिला.

दिवा पाण्यावर टेकला. वारा नव्हता. तो वाहून गेला नाही, जागच्या जागी हळूहळू फिरत राहिला. पुंजारामनं एकेक बांगडी पाण्यात सोडली. घटकाभरानं टोपलं उचललं. पीठ कोरं होतं.

"आसू द्या," पुंजाराम म्हणाला. त्यानं ते पीठ पाण्यात सोडून दिलं. होडी परत काठाला लागली. स्टँडवर लासूरची एस.टी. लागली तेव्हा पुंजाराम चढला, खिडकीत बसला आणि समोर बघत राहिला. गाडी हलली तरी त्यानं मान वळवली नाही. बद्रीनाथला यापेक्षा शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

नंतरच्या रविवारी दुपारी दोनला तो पंतांकडे गेला. नकाशा टेबलावरच होता. भिंग लावायला त्याचा हात धजेना. लावलं.

होडी नव्हती.

कळस मावळतीलाच होता, वलंदेजानं कोरला तिथं. त्याच्या खाली नुसतं पाणी. नागमोडी रेघा एकसलग, मधे खाडाखोड नाही, खरवडल्याची खूण नाही. कागद कोरडा होता.

त्यानं आपलं कापड शोधलं. सगळ्या रविवारच्या होड्या त्यावर होत्या. शाई त्याचीच, हात त्याचाच.

"पंत, जुनी नक्कल बाद करतो. तळ्याचा भाग नव्यानं घेतो," तो म्हणाला.

"घ्या घ्या. चहा टाकतो मी तोवर." पंत भिंतीला हात लावत लावत आत गेले.

त्यानं कोरं कापड टाचलं, खडूची भुकटी पसरली. फडकं फिरवायच्या आधी हात धुवायला तो मागच्या नळावर गेला. खिडकी लावलेली होती. पंखा बंद होता. परत आला तेव्हा आत स्टोव्हची फुरफुर ऐकू येत होती.

भुकटीत पाऊल उमटलं होतं.

पुऱ्या मापाचं, बाईमाणसाचं. टाच, तळवा, पाच बोटं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

बद्रीनाथनं टेबलाचा काठ धरला. डोळ्यांत एकदम पाणी आलं. "आवडे," तो म्हणाला. "आलीस."

चार वर्षं अडलेलं रडू आलं. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसून तो पुन्हा वाकला, त्या वाकड्या बोटाकडे बघायला.

अंगठा डावीकडे होता. करंगळी उजवीकडे.

ते उजवं पाऊल होतं. आवडीचा उजवा पाय धड होता. पाटा पडला तो डाव्यावर. त्याच्याच हातून पडला होता, त्याला विसर पडणं शक्य नव्हतं.

सत्तावीस वर्षं कापडाच्या दोन्ही बाजू हाताळलेल्या माणसाला हे उमगायला वेळ लागत नाही. डावं पाऊल उजवं दिसतं, ते फक्त पलीकडून.

त्यानं भिंग घेतलं. भुकटी कुठंही दबलेली नव्हती. पावलाच्या आकारानं ती वर उचलली गेली होती.

त्यानं ठशावर हळूच तळवा टेकला. कापड गार होतं, आडातल्या पाण्यासारखं, आणि खालून अगदी हलका दाब येत होता.

"बद्रीनाथ, साखर किती घालू?" आतून पंतांनी विचारलं.

त्यानं ठशावरचा हात उचलला नाही.